शेंड्याला कात्री

मास्तरांच्या दुकानात खुर्च्या दोन, पण कारागीर एकच. दुसरी खुर्ची थांबणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना केस कापायचे नाहीत, नुसतं बसायचं आहे, त्यांच्यासाठी. गिऱ्हाइकं त्यांना पट्टीमास्तर म्हणत, कारण कानाजवळचे कल्ले ते पट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ कापत. डाव्यापेक्षा उजवा कल्ला केसभर खाली दिसला तरी त्यांना चैन पडत नसे. मग ते उजवा वर घेत, मग डावा वर घेत, आणि एखाद्याचे कल्ले बघता बघता कानाच्या वर जाऊन पोचत.

"मास्तर, कान तेवढे राहू द्या," असं टपालवाला दर वेळी म्हणायचा. तो टपाल वाटून झालं की दुसऱ्या खुर्चीत येऊन बसायचा आणि जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायचा.

मास्तरांची बायको जाऊन सात महिने झाले होते. ती आजारी पडली तेव्हा तिचं करायला तिची आई आली होती, दोन पिशव्या आणि स्वतःची उशी घेऊन. चार महिन्यांनी बायको गेली. सासूबाई राहिल्या. राहा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आता ही दोनच माणसं होती, आणि दोघांमधला दुवा होती ती बाई उरली नव्हती.

दिवसभर दोघांचं बोलणं कामापुरतं असे. दूध आणलं का, गॅस बंद आहे का, टाकीला पाणी आलं का. पण संध्याकाळी मास्तर दुकान बंद करून जेवायला बसले की सासूबाई मधेच एखादं वाक्य टाकत.

"तिला पोहायला येत होतं, माहीत आहे का तुम्हाला?"

मास्तरांना माहीत नव्हतं. चोवीस वर्षांच्या संसारात पोहण्याचा विषयच कधी निघाला नव्हता.

"बोलली नाही कधी."

"कशी बोलेल? धाकट्या भावाला शिकवते म्हणून पाण्यात ढकललं होतं त्याला. माझ्या हातचा असा मार खाल्ला होता की पुन्हा पाण्याचं नाव काढलं नाही."

एवढं बोलून त्या हात धुवायला उठत. कधी रोज एक गोष्ट निघे, कधी चार दिवस काहीच नाही. मास्तर स्वतःहून विचारत नसत. विचारलं तर झरा आटेल अशी त्यांना भीती होती. बायकोचं लग्नानंतरचं आयुष्य त्यांना ठाऊक होतं, पण त्याआधीची बावीस वर्षं या म्हातारीकडे होती. ती गेली तर ती वर्षंही तिच्याबरोबर जाणार होती.

आणि ती जाणार हे ठरल्यासारखंच होतं. मेव्हणा दुसऱ्या गावी राहायचा. त्याने आईसाठी घरामागे खोली बांधायला काढली होती. दर रविवारी त्याचा फोन यायचा. एका रविवारी म्हणाला, "आई, विटा आल्या. आता दोन-अडीच महिने. मग घ्यायला येतो." सासूबाई "बरं" म्हणाल्या.

मास्तर पलीकडे बसून वस्तऱ्याला तेल लावत होते. राहा म्हणावं असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? मुलगा स्वतः खोली बांधतोय, आणि जावयाने मधे पाय घालायचा? बायको असती तर गोष्ट वेगळी. आता नातं कुठल्या खुंटीवर टांगायचं हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांनी वस्तऱ्याला दुसऱ्यांदा तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यांनी रोपवाटिकेतून टोमॅटोची चार आणि काकडीची दोन रोपं आणली. का आणली, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. बाजारातले टोमॅटो रबरासारखे लागतात असं सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, एवढं निमित्त पुरलं. आजवर त्यांनी कधी साधं गवतही लावलं नव्हतं. त्यांनी गॅलरीत सहा कुंड्या मांडल्या. सहाही कुंड्या कठड्यापासून सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत म्हणून अर्धा तास सरकवल्या.

सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या. "वर्गात बसवल्यासारखी बसवलीत," एवढंच म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी फोनवर मुलाला म्हणाल्या, "तुझ्या दाजींनी टोमॅटो लावलेत. पहिलं फळ बघते आणि मग येते."

"अगं, त्याला किती दिवस लागणार?"

"ते झाडाच्या मनावर असतं."

मास्तरांनी ते ऐकलं. फळ धरलं की सासूबाई जाणार, असा त्याचा सरळ अर्थ होता. तरीही हातात घेतलेलं काम बिघडू द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी दुकानात खताचा विषय काढला.

"केस घाला की," टपालवाला लगेच म्हणाला. "केस म्हणजे झाडाला मेजवानी. माझ्या आत्याने गुलाबाला घातले होते. एवढाले गुलाब!"

"आत्याचे केस?"

"छे हो, कुत्र्याचे. पण केस ते केसच."

मास्तरांकडे केसांना काय तोटा? दोन आठवड्यांचे साठवून त्यांनी सगळ्या कुंड्यांत दाबून भरले आणि वरून माती टाकली. दहा दिवसांत पानं पिवळी पडू लागली. पाणी घातलं की ते खाली उतरेना, कुंडीत तळं होऊन राहायचं. माती उकरली तर खाली केसांचा गादीसारखा घट्ट थर झालेला. तो बाहेर काढायला दोघंही बसले. सासूबाईंनी एक पुंजका उजेडात धरला.

"हा पांढरा कुरळा कुणाचा?"

"औषधाच्या दुकानवाल्यांचा."

"आणि हा काळाभोर? मुळाशी पांढरा आहे बघा."

"ते नाव सांगता येत नाही."

"का बरं?"

"ते रंग लावतात, आणि लावत नाही म्हणून सांगतात. कारागिराने पोटात ठेवायचं असतं."

"आता कुंडीच्या पोटातनं निघालं त्याला तुम्ही काय करणार?" असं म्हणून सासूबाई हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मास्तरांनी पाणी आणून दिलं. लेक गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. केस निघाले, झाडं सावरली आणि वाढीला लागली.

आणि तिथेच मास्तरांचा हात शिवशिवू लागला.

टोमॅटोचं झाड हे काही वळण असलेलं झाड नव्हे. ते वाट्टेल तिकडे फांद्या फेकतं, एक उंच, एक आडवी. मास्तर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी गॅलरीत जात आणि त्यांना ती चार झाडं झोपेतून उठलेल्या चार डोक्यांसारखी दिसत. पहिल्या दिवशी त्यांनी एकच फांदी छाटली. मग ती बाजू उतरती दिसली म्हणून दुसरी. हळूहळू रोजचा नेम झाला. बारीक कात्री घ्यायची, चारही झाडांचे शेंडे एका उंचीला आणायचे, कडा गोल करायच्या, मागे सरकून एक डोळा मिटून बघायचं, आणि राहिलं असेल ते काढायचं. काकडीच्या वेलाला स्प्रिंगसारखे वळलेले धागे फुटत. ते तर त्यांना कानातून बाहेर आलेल्या केसांसारखे वाटले. त्यांनी एकही ठेवला नाही. वेल धरायला काही न उरल्याने खाली लोळू लागला, तेव्हा त्यांनी तो दोरीने काठीला बांधला. मधल्या भांगासारखा सरळ.

सासूबाई चहाचा कप घेऊन स्टुलावर बसत आणि सगळं बघत.

"कसं दिसतंय?" मास्तर विचारत.

"छान. फोटो काढायला निघाल्यासारखी दिसतायत."

झाडं गोल, दाट, हिरवीगार झाली. समोरच्या इमारतीतल्या बायकासुद्धा बघत. फूल मात्र एक नाही.

त्या दिवसांत सासूबाईंचं बोलणं वाढलं होतं. बायकोने शाळेच्या नाटकात मिशा लावून राजाचं काम केलं होतं आणि मिशी निसटून तोंडात गेली तरी वाक्य पुरं केलं होतं, हे मास्तरांना तेव्हाच कळलं. तिला अंधाराची नव्हे तर कोंबड्यांची भीती वाटायची, हेही. मास्तर घास हातात धरून ऐकत. रविवारी फोन आला की मेव्हणा विचारे, "टोमॅटोचं काय?" आणि सासूबाई म्हणत, "अजून फूलसुद्धा नाही रे." खोलीला छप्पर चढलं. मग फरशी बसली. मग रंग झाला.

"आई, आता फक्त तू यायची राहिलीस."

"झाडाला पण जरा सवड दे."

दीड महिना उलटला. एकीकडे फूल येत नाही याचं मास्तरांना बरं वाटत होतं, दुसरीकडे आपल्या हातून काम जमत नाही याची लाज वाटत होती. शेवटी कामाची लाज वरचढ ठरली. एका दुपारी दुकान बंद ठेवून ते रोपवाटिकेत गेले. सोबत त्या सकाळी छाटलेला शेंडा कागदात गुंडाळून नेला होता.

रोपवाली चिखलाचे हात पुसत आली. तिने कागद उघडला आणि ती मास्तरांकडे बघतच राहिली. "हा का तोडलात?"

"वर आला होता."

"वर येणारच की! रोज तोडता?"

"रोज."

रोपवालीला हसू आवरेना. "अहो, फूल या कोवळ्या शेंड्यालाच धरतं. तुम्ही रोज कापताय म्हणजे रोज फूल कापताय. आणि तुमच्या घरी एवढ्या जाणत्या आजी असताना?"

"कुठल्या आजी?"

"त्या नाही का, पांढरा अंबाडा, डाव्या पायाने जरा लंगडतात? आल्या होत्या मागच्या महिन्यात खत न्यायला. दुसऱ्या मजल्यावर जावयाने, म्हणजे तुम्ही पट्टीमास्तरांनी, झाडं लावलीत म्हणाल्या. तासभर होत्या इथे. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, मलाच शिकवून गेल्या. वीस वर्षं घरामागे भाज्या काढल्यात म्हणे त्यांनी."

मास्तरांनी कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. बायकोच्या लहानपणच्या घरामागे जमीन होती हे त्यांनी ओझरतं ऐकलं होतं, पण लग्नाआधीच ते घर सुटलं होतं. म्हणजे सासूबाईंना सगळं माहीत होतं. पहिली फांदी पडली तेव्हापासून माहीत होतं. आणि रोज चहा पीत त्या म्हणत होत्या, छान दिसतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कात्री घेऊन गॅलरीत गेले. सासूबाई स्टुलावर होत्या. मास्तरांनी एक शेंडा धरला. त्यात चार बारीक, पिवळसर कळ्या दिसत होत्या. आजवरही तिथे असतील, पण त्यांनी कधी निरखून बघितल्या नव्हत्या. त्यांनी शेंडा कापला आणि एप्रनच्या खिशात टाकला. बाकीचे न कापताच ते दुकानात गेले.

दुपारी कंगवा काढताना तो शेंडा खाली पडला. टपालवाल्याने उचलला.

"हे काय, मास्तर? आता पालापण भादरायला लागलात?"

"फूल होतं," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाचा डावा कल्ला खाली राहिला, आणि त्यांनी तो तसाच जाऊ दिला. अजाणता कापणं निराळं होतं. आज त्यांनी जाणूनबुजून कापलं होतं, आणि जाणूनबुजून वाईट काम त्यांनी तीस वर्षांत केलं नव्हतं. पुढच्या दिवसापासून त्यांनी झाडांना कात्री लावली नाही.

सासूबाईंनी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आज पण नाही कापायचं?"

"दुकानात गर्दी आहे."

"बरं."

त्यानंतर त्यांचं बोलणं थांबलं. जेवताना गोष्ट निघेना. मास्तर वाट बघत, ताटातला भात या कडेचा त्या कडेला करत. सासूबाई दोन घास खाऊन उठत. तीन-चार आठवड्यांत चारही झाडांवर पिवळी फुलं आली.

"फुलं आली," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

बस. त्यांनी आपली पांघरुणं धुवून घड्या घातल्या. कपाटातला त्यांचा कप्पा रिकामा दिसू लागला. मास्तरांना ते दिसत होतं, आणि त्यांना वाटलं, यांचं मन फिरलं, आता यांना जायचंच आहे. मुलाचं घर ते मुलाचं घर. त्यांनीही तोंडाला कुलूप घातलं. अशी दोन माणसं एकाच गॅलरीत उभी राहून, फुलं गळून मागे हिरव्या गोळ्या धरताना बघत होती.

गोळ्या लिंबाएवढ्या झाल्या तेव्हा एका रविवारी फोनऐवजी मेव्हणाच आला. गाडी खाली लावून, धापा टाकत जिना चढून वर. चपला काढून तो सरळ गॅलरीत गेला.

"हे काय! लागलेत की एवढे! आई, बघितलंस ना फळ? चल आता. संध्याकाळच्या आत पोचू."

"हिरवे आहेत अजून," सासूबाई म्हणाल्या.

"बघायचं म्हणालीस, खायचं नाही. आणि साडेतीन महिने टोमॅटोला? तुझ्या हातचे तर दोन महिन्यांत खायचो आम्ही. दाजी, काय केलंत काय तुम्ही?"

"शेंडे कापले," मास्तर म्हणाले. "रोज."

"शेंडे? आणि आई काही बोलली नाही? शेंड्याला हात लावला म्हणून मी पाच वर्षांचा असताना कान पिळला होता हिने माझा!" तो आईकडे वळला. "तू बघत बसलीस?"

सासूबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसले. मग यांना कुणीतरी सांगितलं, आणि यांनी कापायचं बंद केलं. मी समजायचं ते समजले. जा म्हणायची एक रीत झाली ही. सामान बांधलंय. चल."

त्या उठल्यासुद्धा. मेव्हण्याने पिशवी उचलली. आता बोललं नाही तर पुन्हा कधीच बोलता येणार नाही, हे मास्तरांना कळलं.

"आई, थांबा," ते म्हणाले. "काम चुकीचं होतं म्हणून थांबलो. तुम्ही जावं म्हणून नाही." एवढ्यावर त्यांचा श्वास संपला. दुसरा घेऊन ते म्हणाले, "मला तुम्ही इथे हव्या आहात."

मेव्हण्याने पिशवी खाली ठेवली. "दाजी, खोली बांधलीय मी."

"माहीत आहे."

"रंग आईच्या आवडीचा दिलाय. आणि घर काय तुमचंच रिकामं झालंय? माझी बहीण होती ती. मला पाण्यात ढकलून देणारी एकच बहीण होती. मला पण कुणाशी तरी तिचं बोलायचं असतं. बायको-पोरांनी तिला नीट पाहिलंय तरी कुठे?"

मेव्हण्याच्या बाजूने त्यांनी कधी विचारच केला नव्हता. दोघं धिप्पाड पुरुष त्या अरुंद गॅलरीत कुंड्यांना धक्का लागू नये म्हणून आखडून उभे होते.

"झालं दोघांचं?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटण्या करून घ्यायच्या नाहीत. मी काय घराची चावी आहे, आज याच्याकडे उद्या त्याच्याकडे?" त्यांनी वाकून एक हिरवं फळ बोटांनी दाबून बघितलं. "पिकायला अजून महिना आहे. महिनाभर तिकडे जाते. खोली केलीस ती मला बघायची आहे, आणि मी गेले नाही तर सूनबाई तिथे पेट्या भरून ठेवेल. महिन्याने मला आणून सोडायचं. इथे. पुढे अधूनमधून येईन तुझ्याकडे, बोलावलंस तर."

"आणि राहणार कुठे?"

"इथे म्हटलं ना? बहिरा झालास का?" मग त्या मास्तरांकडे वळल्या. "चोवीस वर्षांत जावयाच्या तोंडून एक वाक्य निघालं. ते वाया कसं घालवू?"

मेव्हण्याने गाल फुगवले, पण पिशवी उचलली. जिना उतरताना तो पुटपुटला, "एक महिना म्हणजे एक महिना. नंतर पोहोचवायला मी पेट्रोल जाळायचं, आणि टोमॅटो दाजी खाणार."

"तुलाही देईन दोन," मागून सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी दुसरी पिशवी आणि उशी खाली नेऊन मागच्या सीटवर ठेवली. पाणी सकाळी घाला, संध्याकाळी नको. गॅस नीट बंद करा. नुसत्या पावावर राहू नका. सासूबाई काच खाली करून सांगत राहिल्या आणि मास्तर मान हलवत राहिले. गाडी निघाली आणि कोपऱ्यावरून वळली.

मास्तर जिना चढून वर आले. घर बघितलं. मग त्यांनी मेव्हण्याचा नंबर लावला. फोन सासूबाईंनी उचलला.

"पोचल्यावर कळवा," मास्तर म्हणाले.

"अहो जावईबापू," पलीकडून आवाज आला, "आम्ही अजून तुमच्याच चौकातल्या सिग्नलला उभे आहोत."

"बरं," मास्तर म्हणाले, पण फोन ठेवला नाही. सासूबाईंनीही ठेवला नाही. मेव्हणा काहीतरी विचारत होता ते ऐकू आलं, मग सासूबाईंचा आवाज, "नाही रे, कोंबडी मागे लागली होती तेव्हा ती सात वर्षांची होती, सहा नव्हे." मेव्हणा म्हणाला, सहाच. मास्तर खुर्ची ओढून बसले आणि ऐकू लागले.